हाताने डेटा वाचताना: व्हीआरमधल्या स्पर्शाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नागपूर परिसरात भूजल, खाणकाम, मृदा किंवा वैद्यकीय प्रतिमा यांचा डेटा हाताळणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर किंवा हातमोजे बनवू पाहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठीही. प्रश्न वरून खाली वाचायलाच हवेत असं नाही. अडलं असेल तिथून सुरू करा.

स्पर्शाने डेटा वाचायचा म्हणजे नेमकं काय?

डेटातला एखादा आकडा हाताला जाणवेल अशा गोष्टीत बदलायचा. पेन पुढे ढकलताना होणारा विरोध, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, बोटाच्या टोकावरचा कंप, एखाद्या दिशेने हात ओढला जाणं, यांपैकी काहीही. डोळ्यांवर हेडसेट, समोर त्रिमितीय आकृती, हातात पेन किंवा बोटांवर छोट्या मोटारी. हात जिथे जाईल तिथला आकडा संगणक काढतो आणि त्यानुसार बल किंवा कंप देतो.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: हाताला आकडा कळत नाही, फरक कळतो. ‘इथे क्लोराइड ४८० आहे’ हे हात कधीच सांगणार नाही. ‘इथून पुढे एकदम वाढलं’ हे मात्र चटकन सांगेल. खालची बरीचशी उत्तरं यातूनच निघतात.

रंगीत नकाशे आणि आलेख आहेत की. मग मध्येच हात कशाला?

साधा द्विमितीय नकाशा असेल तर खरोखरच नको. कागदावर समोच्चरेषा दिसत असताना हॅप्टिक (स्पर्श जाणवून देणारं) पेन घेऊन बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

हाताची गरज पडते ती एक वस्तू दुसरीला झाकते तेव्हा. बोअरहोलच्या नोंदींवरून बनवलेल्या कोळशाच्या थराच्या मॉडेलमध्ये वरचा थर पारदर्शक केला की खोलीचा अंदाज जातो, अपारदर्शक केला की खालचा थर दिसत नाही. पेन मात्र वरचा थर भेदून खालच्यावर टेकवता येतं आणि त्याच्या कडेने फिरवता येतं. दुसरा उपयोग दिशेचा. बलक्षेत्र, प्रवाह, उतार या गोष्टी बाणांनी दाखवल्या की पडदा बाणांनी भरून जातो. हाताला तीच दिशा ओढीतून कळते.

यातलं सगळ्यात जुनं आणि नीट मोजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं आहे. फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या गटाने १९६७ साली ‘ग्रोप’ हा प्रकल्प सुरू केला. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवताना रेणूंमधली ओढ आणि विरोध संशोधकाच्या हाताला जाणवावा, ही कल्पना. १९९० च्या त्यांच्या शोधनिबंधात निष्कर्ष असा होता की नुसत्या चित्रापेक्षा स्पर्शासह काम साधारण दुप्पट चांगलं होतं. आणि दहापट सुधारणेची आशा धरू नये, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. हा दुसरा भाग विक्रेते सांगत नाहीत. त्याच विद्यापीठात पुढे सूक्ष्मदर्शकाच्या सुईखालचा नॅनोमीटर पातळीवरचा पृष्ठभाग हाताला जाणवेल असं ‘नॅनोमॅनिप्युलेटर’ही बनलं.

नागपुरात हे कुणाच्या कामाचं?

त्रिमितीय, अर्धवट माहितीचा आणि थरांचा डेटा ज्यांच्याकडे आहे त्यांच्या. भारतीय खाण ब्यूरो, वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉयल (मँगनीज खाणकाम कंपनी) यांची मुख्यालयं इथे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र हेही इथेच. या संस्था ज्या प्रकारचा डेटा हाताळतात, म्हणजे बोअरहोल, मातीचे छेद, प्रदूषकांचा पसारा, उंचीचे नकाशे, तो या तंत्रासाठी अगदी योग्य आहे. त्यात वैद्यकीय महाविद्यालयांतल्या सीटी आणि एमआरआय प्रतिमांची भर घाला.

शिवाय हे शहर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व कडेवर वसलं आहे. पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला जुने स्फटिकी खडक, कामठीकडे गोंडवन काळातले कोळसाधारी थर. थोड्या अंतरात खडक बदलतो, आणि बदल ओळखणं हेच तर हाताचं काम.

कोणकोणती उपकरणं असतात? फरक काय?

ढोबळ मानाने तीन जाती.

पहिली, कंप देणारी: हेडसेटसोबत येणारे कंट्रोलर, मोटारी बसवलेले हातमोजे. ही फक्त ‘काहीतरी आहे’ आणि ‘जास्त आहे’ एवढं सांगतात. हात थांबवू शकत नाहीत. आभासी भिंतीतून हात आरपार जातो.

दुसरी, बल देणारी: टेबलावर ठेवायचा छोटा यांत्रिक हात आणि त्याच्या टोकाला पेन. १९९० च्या दशकात एमआयटीत थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी बनवलेल्या ‘फँटम’पासून ही परंपरा चालू आहे. नंतरचं ‘थ्रीडी सिस्टिम्स टच’ हे त्याचंच वंशज. त्याचं कमाल बल ३.३ न्यूटन, पण सतत देता येणारं फक्त ०.८८ न्यूटन. बल मिळणारी कामाची जागा सुमारे १६० × १२० × ७० मिमी. पेनाचे सहाही कोन-स्थानं मोजली जातात, पण बल तीनच दिशांना मिळतं, पिळा जाणवत नाही. स्वित्झर्लंडच्या फोर्स डायमेन्शनचं ‘ओमेगा’ १२ न्यूटनपर्यंत जातं, किंमतही त्याच मापाने.

तिसरी, हवेत स्पर्श देणारी: ४० किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून तळहातावर झुळूक जाणवून देणारी. प्रात्यक्षिकाला छान वाटते, पण बल इतकं क्षीण की डेटातला बारीक फरक त्यात हरवतो.

थरांच्या आणि पृष्ठभागांच्या डेटासाठी आम्ही दुसरी जात सुचवतो. आसपासच्या धोक्याची किंवा अनिश्चिततेची नुसती सूचना द्यायची असेल तर पहिली पुरते.

जुनं उपकरण स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

जुन्या ‘फँटम ओम्नी’ला फायरवायर जोडणी लागते. आजच्या लॅपटॉपला ती नसते. डेस्कटॉपमध्ये कार्ड बसवून आणि जुना ड्रायव्हर शोधून चालवावं लागतं. ‘नोव्हिंट फाल्कन’ यूएसबीवर चालतं आणि ९ न्यूटनच्या आसपास बल देतं, पण त्याचं उत्पादन बंद आहे, सुटे भाग मिळत नाहीत. घेण्याआधी पेन चारही कोपऱ्यांत फिरवून पाहा. कुठे अडकत असेल किंवा एकाच जागी धरूनही स्थानाचे आकडे उड्या मारत असतील तर केबल किंवा एन्कोडर (स्थान मोजणारा भाग) गेलेला आहे. सोडून द्या.

हातमोजा घरी बनवायचा आहे. काय काय लागेल?

पाच बोटांच्या एका मोज्यासाठी:

ईएसपी३२ बोर्ड (सगळं चालवणारा छोटा संगणक) १, १० मिमी व्यासाच्या नाण्यासारख्या कंपन मोटारी ५, डीआरव्ही२६०५एल ड्रायव्हर बोर्ड (मोटार चालवणारे) ५, टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर बोर्ड (एका जोडणीचे अनेक मार्ग करणारं) १, ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी आणि तिचं चार्जिंग-संरक्षण बोर्ड. ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. सिलिकॉन आवरणाची मऊ बारीक वायर. लायक्राचा पातळ मोजा. मोटारी, कपॅसिटर, वायर सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. ड्रायव्हर आणि मल्टिप्लेक्सर बहुधा ऑनलाइन मागवावे लागतात.

मोटारींची निवड नीट करा. साध्या भारवाल्या मोटारीत (अक्षावर एका बाजूला वजन असलेल्या) व्होल्टेज वाढवलं की वेग आणि जोर दोन्ही एकत्र वाढतात, वेगवेगळे करता येत नाहीत. शिवाय तिला वेग घ्यायला दहा मिलिसेकंदांच्या कित्येक पट वेळ लागतो, त्यामुळे तीक्ष्ण कडा बोथट वाटते. रेषीय अनुनादी मोटार, जिला बाजारात एलआरए म्हणतात, ती चटकन सुरू होते आणि थांबते, पण तिच्या ठरलेल्या वारंवारतेवरच, साधारण १५० ते २३५ हर्ट्झच्या दरम्यान. बोटातले कंप टिपणारे पॅसिनियन संवेदक २५० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तल्लख असतात, त्यामुळे ही वारंवारता सोयीची. कडा आणि थर ओळखायचे असतील तर एलआरए घ्या.

जोडायचं कसं, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर काय बिघडतं?

ईएसपी३२ च्या आयस्क्वेअरसी (दोन तारांवरून चिपना आज्ञा देण्याची पद्धत) पिना मल्टिप्लेक्सरला, मल्टिप्लेक्सरचे पाच मार्ग पाच ड्रायव्हरना, प्रत्येक ड्रायव्हरला एक मोटार. ड्रायव्हरचा वीजपुरवठा थेट बॅटरीवरून (ड्रायव्हर २ ते ५.२ व्होल्टवर चालतो), ईएसपी३२ वेगळ्या रेग्युलेटरवरून, आणि सगळ्यांचं ग्राउंड एकच. कपॅसिटर मोटारींच्या पुरवठ्यावर, ड्रायव्हरांच्या जवळ. मग प्रत्येक ड्रायव्हरला मोटारीचा प्रकार सांगून त्याचं स्वयं-कॅलिब्रेशन एकदा चालवा. डेटासाठी ड्रायव्हरमधले तयार १२३ परिणाम वापरू नका, ते मोबाइलच्या बटणांसाठी आहेत. ‘रिअल टाइम प्लेबॅक’ पद्धत लावा आणि दर वेळी जोराचा आकडा स्वतः पाठवा.

आता बिघाड.

पाचही बोटं एकदम थरथरतात: मल्टिप्लेक्सर टाळलेला असतो. या ड्रायव्हरचा पत्ता हेक्स ५ए असा कायमचा ठरलेला आहे, बदलता येत नाही. एकाच तारेवर पाच लावले तर एक आज्ञा पाचही ऐकतात.

मोटारी चालू झाल्या की बोर्ड रिसेट होतो: एका भारवाल्या मोटारीला चालताना ८० मिलिअँपिअरच्या आसपास लागतात, सुरू होताना त्याहून जास्त. पाच मिळून ४०० च्या पुढे. त्यात वायफायचा झटका. बोर्डावरच्या छोट्या रेग्युलेटरचं व्होल्टेज कोसळतं आणि ईएसपी३२ मधलं कमी व्होल्टेजचं संरक्षण त्याला रिसेट करतं. म्हणूनच वेगळा पुरवठा आणि कपॅसिटर.

मधेच एखादं बोट गप्प होतं: मोटारीची केसाएवढी वायर डागाच्या जागी तुटलेली असते. डाग दिल्यावर वायरचा एक सेंटीमीटर भाग मोज्याला शिवून घ्या आणि वर गरम गोंदाचा थेंब सोडा. वाकणं डागावर येऊ देऊ नका.

आज्ञा हरवतात: आयस्क्वेअरसीच्या तारा लांब झाल्या. ३० सेंटीमीटरच्या आत ठेवा आणि वेग १०० किलोहर्ट्झवर आणा.

हेडसेटचा कॅमेरा हात ओळखत नाही: मोटारींनी आणि वायरींनी बोटांचा आकार बदलला. वायरी हाताच्या पाठीवरून सपाट न्या, मोज्याचा रंग पार्श्वभूमीपेक्षा वेगळा ठेवा.

दिसणं आणि जाणवणं यांत ५० मिलिसेकंदांहून जास्त फरक पडू देऊ नका. ब्लूटूथ वापरत असाल तर दोन संदेशांमधला ठरलेला वेळ (कनेक्शन इंटरव्हल) तपासा. कमीत कमी ७.५ मिलिसेकंद शक्य असतात, पण संगणक स्वतःहून बरंच जास्त धरतो.

बल देणाऱ्या उपकरणाला सेकंदाला १,००० वेळा गणित का लागतं? डोळ्यांना ९० पुरतात.

कारण आभासी भिंत म्हणजे एक स्प्रिंग आहे, आणि संगणक ती स्प्रिंग तुकड्यातुकड्यांनी चालवतो. हात भिंतीत शिरला, पण संगणकाला ते पुढच्या ठोक्याला कळलं. हात बाहेर आला, पण बल अजून जुनंच आहे. या उशिरामुळे प्रत्येक आघातात थोडी ऊर्जा फुकटची मिळते आणि भिंत हाताला ढकलत, थरथरत राहते.

संशोधक एडवर्ड कोलगेट यांनी भिंत स्थिर राहण्यासाठी दिलेली अट सोपी करून लिहिली तर, भिंतीचा ताठपणा उपकरणातल्या नैसर्गिक घर्षणाच्या दुपटीला ठोक्याच्या कालावधीने भागल्यावर येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी हवा. समजा घर्षण ०.५ न्यूटन-सेकंद प्रति मीटर आहे. १,००० हर्ट्झवर कमाल ताठपणा १,००० न्यूटन प्रति मीटर, म्हणजे मिलिमीटरला १ न्यूटन. तोच कार्यक्रम २०० हर्ट्झवर घसरला की मर्यादा २०० वर येते आणि बेसाल्ट रबरासारखा लागतो.

पेन गुणगुणतं, थरथरतं. काय तपासू?

या क्रमाने.

आधी बलाचं गणित कुठे चालतंय ते पाहा. युनिटीत (व्हीआरची दृश्यं बनवायचं सॉफ्टवेअर) बल नेहमीच्या ‘अपडेट’मध्ये लिहिलं असेल तर ते चित्राच्या वेगाने, ७२ किंवा ९० हर्ट्झने चालतं; ‘फिक्स्डअपडेट’ मुळात ५० हर्ट्झचं असतं. दोन्ही निरुपयोगी. बलासाठी स्वतंत्र धागा (थ्रेड, म्हणजे समांतर चालणारं काम) हवा. चित्राच्या धाग्याने फक्त जवळच्या पृष्ठभागाचं एक सपाट प्रतल काढून द्यायचं, बलाच्या धाग्याने त्या प्रतलावर १,००० वेळा साधा गुणाकार करायचा. सी++ येत असेल तर ‘चाय३डी’ ही मुक्त लायब्ररी हे सगळं करून देते.

मग ताठपणा निम्मा करा. थरथर गेली तर वरची अट मोडत होती. गेली नाही तर थोडं अवमंदन (वेगाच्या प्रमाणात विरोध) घाला. पण वेगाचा आकडा गाळून घ्या, कच्च्या वेगावर अवमंदन लावलं की तेच नवी थरथर निर्माण करतं.

पातळ थरातून पेन आरपार निसटत असेल तर प्रश्न वेगळा आहे. तिथे पेनाचं खरं टोक भिंतीत शिरलं तरी पृष्ठभागावरच राहणारा प्रतिनिधी बिंदू ठेवावा लागतो. झिलेस आणि सॅलिसबरी यांनी १९९५ साली मांडलेली ही पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते.

कोणता आकडा कशाला जोडायचा?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि लोक सगळ्यात कमी वेळ यावरच देतात. उपकरण महाग असो की स्वस्त, जोडणी चुकली तर हात खोटं शिकतो.

माणसाला बलातला फरक साधारण ७ ते १० टक्क्यांचा कळतो, ताठपणातला मात्र २० टक्क्यांहून जास्त असेल तरच. तेही दोन्ही गोष्टी लागोपाठ चाचपल्या तर. एकटी समोर आली आणि ‘ही कोणती?’ विचारलं तर तीन ते पाच पायऱ्यांच्या पुढे कुणाचा भरवसा धरू नका. म्हणून सलग मोजपट्टी नको, थोड्या ठळक पायऱ्या ठेवा आणि प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट.

आपल्याकडच्या बोअरचं उदाहरण घ्या. काळी माती ०.१ न्यूटन प्रति मिमी, मुरूम ०.२, झिजलेला बेसाल्ट ०.४, घट्ट बेसाल्ट ०.८. शेवटच्या पायरीवर ४ मिमी दाबलं की ३.२ न्यूटन होतात, म्हणजे ‘टच’ची कमाल मर्यादा गाठली. त्यापुढे दाबून काही कळणार नाही, हे वापरणाऱ्याला आधी सांगा. सतत बलाच्या मर्यादेत राहायचं तर १.१ मिमीच दाबता येतं. म्हणून दाबून धरण्यापेक्षा टिचकी मारून बघायला शिकवा. माठ घेताना आपण तेच करतो.

भेगांचा, पाणी असलेला पट्टा मात्र पाचवी पायरी म्हणून देऊ नका. तिथे विरोध क्षणभर एकदम शून्यावर आणा. पेन ‘सुटल्याचा’ तो झटका कुठल्याही पायरीपेक्षा ठळक कळतो.

दिशा असलेली राशी (उतार, प्रवाह, चुंबकीय क्षेत्र) ओढीला जोडा. दिशा नसलेली, जागेनुसार बदलणारी राशी ताठपणाला. अनिश्चितता खडबडीतपणाला किंवा कंपाला. प्रदूषकांसारखे दहापट-शंभरपट बदलणारे आकडे आधी लॉगमध्ये घ्या, नाहीतर एक शिखर सोडून सगळा प्रदेश गुळगुळीत लागेल.

एकाच वेळी किती गोष्टी हाताला द्याव्यात?

एक. फार तर दोन, आणि दुसरी वेगळ्या जातीची: पहिली बल, दुसरी कंप. ताठपणा आणि घर्षण एकत्र दिले की लोक दोन्ही मिळून ‘जड’ एवढंच सांगतात.

नागपूरच्या उंचीच्या नकाशावर हात फिरवायचा आहे. सगळं सपाटच लागतं!

लागणारच. १६ किलोमीटरचा प्रदेश १६० मिमीत बसवला तर १ मिमी म्हणजे १०० मीटर. त्यात ६० मीटरचा चढ ०.६ मिमीचा होतो. उभी मोजपट्टी २० पट करा, तो १२ मिमीचा होईल आणि सेमिनरी हिल्सचा चढ बोटाला सापडेल.

पण २० पट केल्यावर दुसरी भानगड सुरू होते. एसआरटीएमच्या (अवकाशातून रडारने मोजलेल्या) ३० मीटर चौकटीच्या उंचीत काही मीटरचा गोंधळ असतोच. ५ मीटरची चूक आता १ मिमीची झाली. सपाट शेत गिट्टीसारखं लागतं. शिवाय हे रडार झाडांचे शेंडे आणि इमारतींची छतंही मोजतं, म्हणजे शहराच्या मध्यभागी जे उंच लागतं ती जमीन असेलच असं नाही. उपाय: स्पर्शासाठी वेगळा, गुळगुळीत केलेला पृष्ठभाग वापरा (तीन ते पाच चौकटींवर सरासरी काढणारी गॉसियन गाळणी), चित्रासाठी मूळ. दोन्ही वेगळे आहेत हे पडद्यावर लिहून ठेवा. आणि रामटेकचा डोंगर त्याच चौकटीत घेऊ नका. एका उंच डोंगरासाठी मोजपट्टी लहान करावी लागते आणि बाकी सगळं पुन्हा सपाट होतं.

विहिरींच्या पाणीपातळीवरून पृष्ठभाग बनवला. प्रत्येक विहिरीभोवती खड्डा किंवा उंचवटा का लागतो?

व्यस्त-अंतर पद्धतीने (जवळच्या विहिरीला जास्त वजन देऊन) भरलेल्या नकाशात हे होतंच. मोजलेला आकडा विहिरीवर टोकदार राहतो आणि दूर गेल्यावर सरासरीकडे ओघळतो. पडद्यावर ती नुसती गोल वर्तुळं दिसतात आणि जाणकार त्यांकडे दुर्लक्ष करतो. हाताला मात्र तो खराखुरा खळगा वाटतो, आणि हाताने पाहिलेल्यावर माणूस लवकर विश्वास ठेवतो. हा या तंत्राचा खरा धोका आहे.

क्रिगिंग ही सांख्यिकी पद्धत वापरा. त्यातून अंदाजासोबत अंदाजाची विचलनसंख्याही मिळते. अंदाज पृष्ठभागाच्या उंचीला द्या, विचलन कंपाला. विहिरींपासून लांब गेलं की पृष्ठभाग थरथरू लागेल. केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चार वेळा होते. पावसाळ्याआधीचा आणि नोव्हेंबरचा पृष्ठभाग वेगवेगळे बनवून त्यांतला फरक हाताला द्या. दोन पृष्ठभाग एकावर एक देऊन ‘फरक शोधा’ म्हणू नका.

सीटी स्कॅनसारख्या घन डेटाचं काय?

तिथे पृष्ठभागच नसतो, फक्त प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. बल काढायचं ते आकड्याच्या चढाच्या उलट दिशेने. हाड आणि मऊ ऊतींच्या सीमेवर चढ तीव्र असतो, तिथे हात अडतो.

चढ आधीच काढून ठेवा. २५६ × २५६ × २५६ ठिपक्यांसाठी तीन दिशांचे दशांश आकडे साठवायला सुमारे २०० एमबी लागतात, ५१२ च्या घनासाठी आठपट, १.६ जीबी. अर्ध्या अचूकतेचे आकडे घेतले तर निम्मी जागा. त्याआधी एक ते दीड ठिपक्याची गॉसियन गाळणी फिरवा. कच्च्या स्कॅनमधला गोंधळ (नॉइज) हाताला वाळूसारखा लागतो. ठिपक्यांमधल्या जागी चढाचंही त्रिरेषीय अंतर्वेशन करा (शेजारच्या ठिपक्यांवरून मधला आकडा काढा), नाहीतर प्रत्येक ठिपक्याच्या सीमेवर पायरी लागेल. आडव्या छेदांची जाडी ठिपक्याच्या रुंदीपेक्षा जास्त असेल तर ती चढाच्या गणितात धरलीच पाहिजे. हे विसरल्यावर डोकं लंबगोल लागतं आणि दोष उपकरणाला दिला जातो.

निदानासाठी हे वापरू नका. शिकवण्यासाठी आणि शस्त्रक्रियेची दिशा आखताना चर्चेसाठी ठीक आहे.

स्पर्शामुळे खरंच फायदा झाला हे कसं दाखवायचं?

‘आवडलं का?’ विचारून नाही. नवीन खेळणं सगळ्यांना आवडतं.

ज्याचं उत्तर आधी माहीत आहे असं काम द्या: कृत्रिम डेटात लपवलेला थर शोधा, दोन उतारांपैकी तीव्र कोणता ते सांगा. तीन परिस्थिती ठेवा: फक्त दृष्टी, फक्त स्पर्श, दोन्ही. प्रत्येक व्यक्तीला प्रत्येक परिस्थितीत २० ते ३० प्रश्न, आणि परिस्थितींचा क्रम लॅटिन चौरसाने फिरवा (प्रत्येक परिस्थिती प्रत्येक क्रमांकावर सारख्याच वेळा यावी), नाहीतर शेवटची परिस्थिती सरावामुळे जिंकेल. आधी दहा मिनिटं सराव, त्याचे आकडे टाकून द्या. कानांना हेडफोन लावून पिंक नॉइज (एकसारखा खळखळणारा आवाज) सुरू ठेवा. मोटारीचा आवाज ऐकून लोक बरोबर उत्तर देतात आणि स्वतःला ते कळतही नाही.

वेळ, चूक किती मिमीची, आणि उत्तराची खात्री किती, हे तिन्ही नोंदवा. खात्री वाढली पण चूक कमी झाली नाही, तर जोडणी बदला. असा निकाल लपवण्यासारखा नाही, तोच सगळ्यात उपयोगी असतो.

मे महिन्यात हे चालतं का?

चालतं, सकाळी. दुपारी पारा ४५ कडे जातो तेव्हा हेडसेट तापून स्वतःच बंद पडतो आणि मोज्यात घामाने आयस्क्वेअरसीच्या उघड्या जोडांवर गळती सुरू होते. जोडांवर वार्निश किंवा गरम गोंद लावा, मोज्याच्या आत पातळ सुती मोजा घाला, तो प्रत्येकाला वेगळा.

कूलरचं विशेष. एक, कूलर आणि यांत्रिक हात एकाच टेबलावर किंवा एकाच लाकडी फळीवर नकोत. पंख्याचा कंप थेट पेनात येतो आणि बारीक खडबडीतपणा त्यात बुडतो. दोन, कूलरचा झोत थेट हेडसेटवर आला की ओलाव्याने भिंगं धुरकटतात. तीन, आवाज: चाचणी घेत असाल तर त्या वेळेपुरता बंद करा. एसी असेल तर प्रश्न मिटला.

हेडसेट खिडकीजवळ भिंगं वर करून कधीच ठेवू नका. ऊन भिंगातून एकवटतं आणि आतल्या पडद्यावर कायमचा डाग पडतो. हे हिवाळ्यातही होतं.

यांत्रिक हाताच्या मोटारीही तापतात. सतत ०.८८ न्यूटनपेक्षा जास्त बल मागितलं तर काही वेळाने संरक्षण लागतं आणि बल नाहीसं होतं. गार होऊ द्या, मग पेन खाचेत ठेवून पुन्हा कॅलिब्रेट करा.

चक्कर येते, मनगट दुखतं.

मॉडेल माणसाभोवती फिरवू नका, माणसाला स्थिर टेबल आणि जमीन दिसू द्या, मॉडेल हातात धरून फिरवू द्या. कोपर टेकायला उशी द्या. एका बैठकीत २० मिनिटं पुरे. पेन घट्ट पकडणाऱ्याला फरक कमी कळतो. तीन बोटांनी सैल धरायला सांगा.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांना आलेख शिकवता येतील का?

येतील, पण पेनाने एका वेळी एकच बिंदू कळतो. सगळा हात उठावाच्या कागदावर फिरवताना मिळणारं एकूण चित्र त्यात मिळत नाही. त्यामुळे साध्या आलेखासाठी उठावाचा छापील कागद अजूनही सरस आहे. पेन उपयोगी पडतं ते त्रिमितीय पृष्ठभागासाठी आणि पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या आलेखासाठी. रेषा उंचवटा म्हणून देऊ नका, पेन घसरून पडतं. खोबण म्हणून द्या. अक्षांवर वेगळा कंप ठेवा, बिंदूवर थांबलं की आकडा आवाजात ऐकवा.

हेडसेट नाही, फक्त मोबाइल आहे. काही करून पाहता येईल?

अँड्रॉइडवर क्रोममध्ये वेब पानावरून कंप देता येतो, पण फक्त चालू-बंद आणि किती वेळ, एवढंच. जोर बदलता येत नाही. आयफोनच्या सफारीत ही सोयच नाही. म्हणून जोराऐवजी ठोक्यांमधलं अंतर बदला: बोट उताराच्या चौकटीवर सरकताना २० मिलिसेकंदांचा ठोका, आणि दोन ठोक्यांमध्ये सपाट भागावर ४०० मिलिसेकंद, मध्यम उतारावर २००, तीव्रावर १००. मोबाइल टेबलावर नाही, हातातच धरायचा.